भूतानची वीज: आकडा मेगावॅटचा, हिशेब फेब्रुवारीचा

प्रश्न असा आहे: भूतानसारखा छोटा, भूवेष्टित देश वीज कशापासून तयार करतो? भारताला वीज विकणारा हा देश हिवाळ्यात भारताकडूनच वीज का घेतो? आणि सौर, पवन वगैरे स्रोत तिथे का वाढले नाहीत?

पहिल्या भागाचं उत्तर एका शब्दात देता येतं: पाणी. भूतानची जवळजवळ सगळी वीज नद्यांमधून येते. दुसऱ्या भागाचं उत्तरही पाणीच आहे, पण ते समजायला थोडं गणित करावं लागतं. बातम्यांत ‘अमुक हजार मेगावॅट’ असा आकडा येतो तो स्थापित क्षमतेचा, म्हणजे सगळी यंत्रं पूर्ण पाण्यावर चालली तर निघणाऱ्या विजेचा. भूतानमध्ये ती अवस्था वर्षातले साधारण चार महिने असते. देशाची खरी ताकद मोजायची असेल तर फेब्रुवारी-मार्चमध्ये नदीत किती पाणी असतं ते पाहावं.

आधी कोणते प्रकल्प आहेत ते पाहू. चुखा ३३६ मेगावॅट (८४ ची चार यंत्रं, १९८६ ते ८८ दरम्यान सुरू), कुरिछू ६०, बासोछूचे वरचे-खालचे दोन टप्पे मिळून ६४, ताला १०२० (१७० ची सहा, २००६-०७), दागाछू १२६, मांगदेछू ७२० (१८० ची चार, २०१९). इथवरची बेरीज २३२६ मेगावॅट. त्यानंतर निकाछूचे ११८ मेगावॅट आले, आणि नोव्हेंबर २०२५ मध्ये पुनात्सांगछू-२ च्या १०२० मेगावॅटचं औपचारिक उद्घाटन झालं. एकूण साडेतीन हजारांच्या जवळ. १९६७ मध्ये थिंफूला ३६० किलोवॅटचं छोटं जलविद्युत केंद्र सुरू झालं तिथून ही मजल आहे. आठ लाखांहून कमी लोकसंख्येला एवढी वीज म्हणजे चैनच, असं कुणालाही वाटेल. तरी जानेवारी २०२२ पासून भूतान हिवाळ्यात भारतीय वीज बाजारातून खरेदी करतो आहे.

आता सूत्र. जलविद्युत केंद्रातून मिळणारी शक्ती किलोवॅटमध्ये = ९.८१ × प्रवाह (घनमीटर प्रति सेकंद, म्हणजे क्युमेक) × निव्वळ शीर्ष (मीटर) × कार्यक्षमता. टर्बाइन, जनित्र आणि ट्रान्सफॉर्मर मिळून कार्यक्षमता ०.९ धरली तर सहसा फार चुकत नाही. शीर्ष म्हणजे पाणी किती उंचीवरून पडतं ते, आणि भूतानचं सगळं वैभव त्यातच आहे. नद्या सात हजार मीटरच्या हिमशिखरांपासून भारताच्या सीमेलगतच्या दुआरच्या सपाटीपर्यंत जेमतेम दीडशे किलोमीटरमध्ये उतरतात.

एका क्युमेकची किंमत प्रत्येक केंद्रात किती वेगळी आहे पाहा. कुरिछूला शीर्ष सुमारे ३२ मीटर, म्हणून एक क्युमेक म्हणजे ०.२८ मेगावॅट. तिथे कॅप्लान टर्बाइन आहेत, पाणी भरपूर लागतं आणि वीज कमी मिळते. चुखाला शीर्ष ४३५ मीटर, एका क्युमेकला ३.८ मेगावॅट. मांगदेछूला ६९२ मीटर, ६.१ मेगावॅट. तालाला ८१९ मीटर, ७.२ मेगावॅट. चुखा आणि ताला एकाच वांगछू नदीवर आहेत, आणि तालाचं धरण चुखाच्या वीजगृहाच्या थोडंसंच खाली आहे. म्हणजे चुखाचं अवजल, वापरून बाहेर पडलेलं पाणी, पुढे तालाच्या तोंडात जातं, आणि वांगछूचा प्रत्येक क्युमेक दोनदा राबून ११ मेगावॅट देतो.

हे गणित हिवाळ्यात उलटं लावू. तालाची सहाही यंत्रं पूर्ण चालवायला १४२.५ क्युमेक लागतात, एका यंत्राला सुमारे २४. समजा कोरड्या महिन्यात वांगछूत २५ क्युमेक उरले. मग ताला देईल १८० मेगावॅट, म्हणजे सहापैकी एक यंत्र. चुखा देईल ९५. दोन्ही मिळून १३५६ मेगावॅटची स्थापित क्षमता, हातात २७५. सगळ्या देशाचं चित्र साधारण असंच आहे: हिवाळ्यातला तळ स्थापित क्षमतेच्या पाचव्या भागाच्या आसपास.

कुणी विचारेल, धरण आहे ना, मग पावसाळ्यातलं पाणी साठवून का ठेवत नाहीत? इथे महाराष्ट्रातल्या वाचकाची फसगत होते, कारण आपल्या डोळ्यांसमोर कोयना असते. कोयनेच्या शिवसागरात १०५ टीएमसी पाणी मावतं, वीजनिर्मितीसाठी वर्षाला ६७.५ टीएमसी पश्चिमेकडे वळवायची मुभा लवादाने दिली, आणि ते पाणी मार्च-एप्रिलच्या संध्याकाळी, वीज सर्वांत महाग असताना, सोडता येतं. तालासारखं केंद्र नदीच्या चालू प्रवाहावर चालतं. धरण ९२ मीटर उंच असलं तरी दरी इतकी अरुंद आणि नदीचा उतार इतका तीव्र की मागे तलाव असा होतच नाही. त्याचं काम पाणी अडवून बोगद्यात वळवणं आणि काही तासांचा साठा धरणं. चार तास पूर्ण क्षमतेने चालवायला तालाला सुमारे २०.५ लाख घनमीटर पाणी लागतं, म्हणजे ०.०७ टीएमसी. या मापाच्या साठ्याने सकाळचं पाणी संध्याकाळी वापरता येतं. ऑगस्टचं फेब्रुवारीत नेता येत नाही.

याच कारणाने यंत्रं किती मोठी बसवायची हा निर्णय आर्थिक असतो. चुखा बांधताना यंत्रं प्रवाहाच्या मानाने लहान ठेवली, म्हणून ती वर्षाला सुमारे १८० कोटी युनिट देतात, म्हणजे वापराचं प्रमाण साठ टक्क्यांच्या घरात. तालात यंत्रं मोठी बसवली. नव्वद टक्के भरवशाच्या वर्षातलं (दहापैकी नऊ वर्षं तरी मिळेल इतकं) उत्पादन सुमारे ३९६ कोटी युनिट, प्रमाण ४४ टक्के. तालाचं गणित चुकलं असं मी म्हणणार नाही. पावसाळ्यातलं पाणी नाहीतर सांडव्यावरून वाहून गेलं असतं. फक्त असं केंद्र भारताच्या मोठ्या ग्रिडला जोडलेलं असेल तरच परवडतं, कारण जुलैत ती वीज खपवायची ताकद भूतानमध्ये नाही.

आता पाण्याचा प्रवास. धरणाच्या मागून पाणी इनटेकमध्ये येतं, तिथे कचरा अडवायला जाळी असते. मग डिसिल्टिंग चेंबर, म्हणजे डोंगराच्या पोटातल्या लांबलचक गुहा. बोगद्यापेक्षा त्यांचा छेद कितीतरी मोठा असल्याने पाण्याचा वेग पडतो आणि वाळू खाली बसते. तिथून पाणी वीजगृहाकडे नेणारा अधिजल बोगदा, मग सर्ज शाफ्ट (कोयनेच्या परिसरात हिलाच उल्लोल विहीर म्हणतात), मग उभा किंवा तिरपा पोलादी अस्तराचा प्रेशर शाफ्ट, मुख्य झडपा, टर्बाइन, आणि शेवटी अवजल बोगद्यातून पुन्हा नदी. टर्बाइनचे तीन प्रकार: शीर्ष मोठं आणि प्रवाह कमी तिथे पेल्टन (नोझलमधून सुटलेले पाण्याचे जेट चाकावरच्या वाट्यांवर, म्हणजे बकेटवर, आदळतात), मधल्या शीर्षाला फ्रान्सिस (चाक पूर्ण पाण्यात फिरतं), कमी शीर्षाला कॅप्लान. पेल्टनचा एक फायदा हिवाळ्यात कळतो: निम्म्याहून कमी भारावर चालवायचं तर काही जेट बंद करून उरलेल्यांवर चांगल्या कार्यक्षमतेने चालवता येतं. फ्रान्सिस साधारण चाळीस-पन्नास टक्क्यांखाली गेलं की ड्राफ्ट ट्यूबमध्ये, म्हणजे चाकाखालच्या पाणी बाहेर नेणाऱ्या नळात, भोवरा धरतं, थरथरतं, आणि धातूला खड्डे पडू लागतात. फ्रान्सिस असलेल्या केंद्रात कमी पाण्यात सगळी यंत्रं अर्धवट चालवू नयेत. एक पूर्ण भारावर चालवावं, बाकीची देखभालीला घ्यावीत.

उल्लोल विहीर कशासाठी, ते तालाच्या आकड्यांतून स्पष्ट होतं. बोगदा सुमारे २३ किलोमीटर लांब, व्यास ६.८ मीटर. त्यात पूर्ण प्रवाहात सुमारे ८.३ लाख टन पाणी सेकंदाला जवळजवळ चार मीटर वेगाने पुढे सरकत असतं. तिकडे सिलिगुडीच्या बाजूला लाइन तुटली, यंत्रं ट्रिप झाली, म्हणजे आपोआप थांबली, आणि नोझल बंद झाली, तर एवढ्या वस्तुमानाचा धक्का कुठेतरी जिरायला हवा. तो विहिरीत पाणी वर चढून जिरतो. पेल्टनला डिफ्लेक्टरही असतो: भार गेला की आधी तो आडवा येऊन जेट चाकावरून बाजूला वळवतो, आणि नीडल, म्हणजे नोझल उघडणारी-मिटणारी सुई, मग सावकाश बंद होते. नीडल घाईने मिटली तर प्रेशर शाफ्टमधला दाब धोक्याच्या पातळीवर जातो. उलट दिशेनेही सांभाळावं लागतं. एकदम सगळी यंत्रं भारावर घेतली तर विहिरीतली पातळी इतकी खाली जाऊ शकते की शाफ्टमध्ये हवा ओढली जाईल, म्हणून यंत्रं एकामागून एक, मध्ये अंतर ठेवून जोडतात.

हिमालयातल्या केंद्रांचा सर्वांत मोठा रोजचा शत्रू म्हणजे गाळ, आणि त्यावर जरा सविस्तर लिहायला हवं, कारण बाहेरच्या माणसाला तो दिसत नाही. ८१९ मीटर शीर्षाला नोझलमधून जेट सुटतो तो सेकंदाला सुमारे १२७ मीटर वेगाने, ताशी साडेचारशे किलोमीटरच्या वर. या नद्यांच्या वाळूत क्वार्ट्झचं प्रमाण मोठं असतं, आणि क्वार्ट्झ टर्बाइनच्या पोलादापेक्षा कठीण. झीज ढोबळमानाने वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढते. चुखाच्या जेटचा वेग ९२ मीटर, तालाचा १२७. म्हणजे तेवढ्याच वाळूने तालाची झीज अडीच पटींहून जास्त. डिसिल्टिंग चेंबर साधारण ०.२ मिलिमीटर आणि त्याहून मोठे कण काढण्यासाठी बांधतात, तेही शंभर टक्के नव्हे, नव्वदच्या आसपास. त्याहून बारीक वाळू थेट यंत्रापर्यंत जाते.

कुठे झिजतं? पेल्टनमध्ये सर्वांत आधी नीडलचं टोक आणि नोझलची सीट रिंग. त्यांच्यावर ओरखडे उठले की जेट फाटतो, घट्ट गोल राहत नाही, आणि मग बकेटच्या मधल्या धारेवर नीट बसत नाही. ती धार बोथट होते आणि कार्यक्षमता घसरते. दोन टक्के ही घसरण ऐकायला किरकोळ वाटते, पण १७० मेगावॅटच्या यंत्रात ते ३.४ मेगावॅट होतात, आणि पावसाळाभर चालू राहतात. त्याहून गंभीर म्हणजे बकेटच्या मुळाशी धातू पातळ होऊन तडा जाणं. म्हणून पावसाळा संपला की प्रत्येक रनर (टर्बाइनचं फिरतं चाक) तडे शोधायला डाय पेनेट्रंट म्हणजे रंगद्रव आणि चुंबकीय कणांच्या चाचणीने तपासतात. फ्रान्सिसमध्ये पाणी चाकाकडे वळवणाऱ्या गाइड व्हेनच्या कडा आणि चाकाभोवतीची गळती रोखणारी लॅबिरिंथ सील झिजतात. सील सैल झाली की गळती वाढते आणि शाफ्टवरचा अक्षीय भार बदलतो.

उपाय तीन पातळ्यांवर. पहिला, टंगस्टन कार्बाइडचा लेप, जो एचव्हीओएफ पद्धतीने, अतिवेगवान ज्वालेने फवारतात. तो बारीक वाळूला छान टिकतो, मोठ्या खड्याचा मार बसला तर टवका निघतो. दुसरा, सुटे भाग. अशा केंद्रात प्रत्येक दोन-तीन यंत्रांमागे एक जादा रनर हवाच. झिजलेला काढून जादा बसवायचा आणि काढलेला वेल्डिंग, ग्राइंडिंग, लेप करून पुढच्या वर्षासाठी तयार ठेवायचा. देशाला बंदर नसल्याने हा खटाटोप पूर्वी जास्तच नडायचा. अनेक टनांचा रनर घाटरस्त्याने भारतात किंवा पुढे परदेशात पाठवून परत आणायचा म्हणजे हंगामच हातचा गेला. म्हणून भूतानने सारपांगजवळ जिगमेलिंगला स्वतःची दुरुस्ती कार्यशाळा उभारली. माझ्या मते नव्या एखाद्या छोट्या प्रकल्पापेक्षा त्या एका निर्णयाचा फायदा जास्त आहे.

तिसरा उपाय चालवण्यातला. पावसाळ्यात पाण्याचे नमुने ठरावीक वेळाने घेऊन गाळाचं प्रमाण पीपीएममध्ये, म्हणजे दहा लाख भागांत किती भाग, असं मोजतात. एका मर्यादेपुढे गेलं की केंद्र बंद. वरच्या दरीत दरड कोसळली तर हा आकडा तासाभरात कित्येक पट होतो, तेव्हा तासाचा नमुना पुरत नाही. बंद ठेवल्याने युनिट बुडतात म्हणून वरून दबाव असतोच, पण त्या सहा तासांत चाललेलं यंत्र महिन्याभराची झीज करून घेतं. शिवाय धरणामागचा गाळ हलवायला अधूनमधून तलाव खाली उतरवून तळाचे दरवाजे उघडतात. हे प्रवाह भरपूर असतानाच करायचं. पाणी कमी असताना केलं तर गाळ हलतो पण वाहून जात नाही, आणि इनटेकच्या तोंडाशीच येऊन बसतो. खालच्या गावांना भोंग्याने सूचना दिल्याशिवाय दरवाजा हलत नाही.

मोठी देखभाल नोव्हेंबर ते मार्चमध्ये, एका वेळी एक यंत्र. पावसाळ्यात मात्र सगळी यंत्रं उभी असायलाच हवीत. जुलैत १७० मेगावॅटचं एक यंत्र दिवसभर बंद राहिलं तर ४० लाख युनिट गेले, आणि ते पाणी परत येत नाही.

बांधकामात काय बिघडतं? भूगर्भ. तालाच्या बोगद्यात पिचलेला, पाण्याने भरलेला खडक लागला तेव्हा नेहमीची सुरुंगाची पद्धत चालेना. पुढे तोंडाशी लांब भोकं पाडून आधी पाण्याचा दाब काढायचा, माथ्यावर छत्रीसारखे पोलादी पाइप ठोकून त्यांतून सिमेंटचं ग्राउट भरायचं, मग अर्धा-एक मीटरच पुढे खोदायचं, लगेच शॉटक्रीट (फवारलेलं काँक्रीट) आणि पोलादी कमानी, आणि पुन्हा पहिल्यापासून. अभियंते याला इंग्रजी आद्याक्षरांवरून ड्रेस (DRESS) पद्धत म्हणतात. यात महिन्याची प्रगती काही मीटरवर येते आणि कर्जावरचं व्याज मात्र थांबत नाही.

पुनात्सांगछू-१ चं उदाहरण याहून कडू आहे. १२०० मेगावॅटच्या या प्रकल्पात धरणाचा पाया खोदताना जुलै २०१३ मध्ये उजव्या काठाचा डोंगर सरकू लागला. डोंगराच्या पोटात कमकुवत पट्टा होता आणि पायथ्याचा आधार खोदकामाने निघाला. वर्षानुवर्षं केबल अँकर, ग्राउटिंग, निचऱ्याचे बोगदे हे सगळं करूनही धरणाचं काम अडून राहिलं. वीजगृह आणि बोगदे पुढे गेले, धरण मागे राहिलं. मूळ अंदाज सुमारे ३,५१५ कोटींचा होता, तो सुधारून ९,३७५ कोटींच्या घरात गेला. मुख्य धरणाचं काम पुन्हा सुरू करण्याचं दोन्ही देशांनी २०२५ मध्ये ठरवलं. खालच्या पुनात्सांगछू-२ मध्येही मार्च २०१६ ला भूमिगत सर्ज गॅलरी कोसळली आणि प्रकल्प लांबला. जागा निवडताना नदीच्या पात्रात आणि काठांत आणखी चार बोअर घेतले असते तर लागणारा खर्च या वाढीच्या पासंगालाही पुरला नसता.

पैशाची बाजू. चुखा भारताने बांधून दिला: ६० टक्के अनुदान, ४० टक्के कर्ज, खर्च सुमारे २४६ कोटी. तालालाही तेच प्रमाण. पुढच्या प्रकल्पांत ते उलटलं. मांगदेछू आणि पुनात्सांगछू-२ ला ३० टक्के अनुदान, ७० टक्के कर्ज, व्याज १० टक्के. दर ‘खर्च अधिक परतावा’ या तत्त्वावर ठरतो, त्यामुळे काम लांबलं की वीज महागते. ताला-चुखाचे दर युनिटला दोन-अडीच रुपयांच्या आसपास राहिले, तर मांगदेछूचा २०१९ ला ४.१२ रुपये ठरला. भूतानचं चलन न्गुलट्रम रुपयाशी एकास एक बांधलेला असल्याने विनिमयाचा धोका नाही, हा मोठा दिलासा.

वीज बाहेर जाते ती ठरावीक लाइनींवरून: चुखा ते बीरपारा २२० केव्ही, ताला ते सिलिगुडी ४०० केव्ही, मांगदेछूची वीज जिगमेलिंगहून अलीपूरदुआरला ४०० केव्हीने, कुरिछूची गेलेफूहून आसामातल्या सालाकाटीला १३२ केव्हीने. पुढे तालाची वीज दिल्लीपर्यंत नेणारी सिलिगुडी ते मंडोला ही सुमारे ११६६ किलोमीटरची लाइन टाटा पॉवर आणि पॉवरग्रिडच्या संयुक्त कंपनीने उभी केली. खोपोलीला १९१५ मध्ये मुंबईसाठी जलविद्युत उभारणाऱ्या घराण्याचा भूतानशी संबंध तिथेच थांबत नाही. दागाछूत टाटा पॉवरचा २६ टक्के वाटा आहे आणि ६०० मेगावॅटच्या खोर्लोछूत ४० टक्के.

जुन्या प्रकल्पांच्या करारात दर ठरलेला आहे, आणि हिवाळ्याची खरेदी बाजारभावाने होते. समजा १०० मेगावॅट महिनाभर अखंड घ्यायचे. ते झाले ७.२ कोटी युनिट. युनिटला ५ रुपये धरले तर ३६ कोटी रुपये. पण बाजारात संध्याकाळच्या तासांना भाव १० रुपयांच्या कमाल मर्यादेला टेकतो. म्हणून शहाणं प्रेषण केंद्र (कुठून किती वीज घ्यायची ते ठरवणारं) हिवाळ्यात दुपारी, भारतात सौर वीज स्वस्त असते तेव्हा, खरेदी करतं, धरणामागचं पाणी तेवढं वाचवतं आणि संध्याकाळी स्वतःची यंत्रं चालवतं. चार तासांचा साठा इथे सोन्याचा ठरतो.

मागणी का वाढली? घरांमुळे थोडी. राइस कुकर, हीटर आणि गावांना मिळणारे मोफत युनिट यांनी हिवाळ्याचा भार चढतो. खरा वाटा कारखान्यांचा आहे. भारताच्या सीमेजवळच्या पासाखाच्या पट्ट्यात फेरोसिलिकॉनच्या भट्ट्या आहेत आणि एक टन फेरोसिलिकॉनला साधारण साडेआठ हजार युनिट लागतात. विद्युत भट्टी ऋतू पाहून चालत नाही. ती बंद केली तर आतलं द्रव्य गोठतं आणि पुन्हा चालू करणं महाग पडतं, म्हणून तिचा भार बाराही महिने सपाट. त्यात संगणकांनी बिटकॉइन मिळवण्याच्या, म्हणजे ‘मायनिंग’च्या, उद्योगाची भर पडली. मे २०२३ मध्ये सरकारी गुंतवणूक कंपनीने बिटकॉइन मायनिंग करणाऱ्या बिटडीअर कंपनीशी करार केला आणि गेदूला १०० मेगावॅटचं केंद्र उभं राहिलं. हे संगणक भट्टीपेक्षा सोयीचे आहेत, कारण दहा मिनिटांत बंद करता येतात. पावसाळ्यातली वीज युनिटला दोन-अडीच रुपयांना विकण्याऐवजी तिथे वापरणं हिशेबात बसतं. हिवाळ्यात महागडी वीज आयात करून तेच संगणक चालवणं बसत नाही. करारात हंगामी कपातीचं कलम आहे की नाही यावर सगळं अवलंबून.

सौर आणि पवनकडे येऊ. पवन लवकर आटोपतं: रुबेसाला ३०० किलोवॅटच्या दोन पवनचक्क्या २०१६ पासून आहेत, एवढंच. दऱ्यांतला वारा दुपारनंतर सुटतो, दिशा आणि जोर दरीच्या वळणांवर ठरतो, आणि लांब पाती घाटातून वर न्यायची हीच मोठी अडचण.

सौरचं तसं नाही. भूतानचा हिवाळा कोरडा, आकाश निरभ्र, आणि थंडीत पॅनेलची कार्यक्षमता वाढते. म्हणजे नदी आटते तेव्हाच सूर्य चांगला. सेफूचा प्रकल्प १७.३८ मेगावॅटचा आहे. क्षमतेच्या १६-१७ टक्के उत्पादन धरलं तर दिवसाला सरासरी ६७ ते ७१ हजार युनिट. तालाच्या भाषेत हे सेकंदाला ०.४ घनमीटर पाण्याएवढं आहे. चोवीस तासांचे १०० मेगावॅट सौरने भरून काढायचे तर ६०० मेगावॅटचे पॅनेल आणि अडीच हजार एकरांच्या आसपास जागा लागेल. ६० टक्के जंगल राखण्याचं बंधन राज्यघटनेतच आहे आणि सपाट जमिनीवर भातशेती, तर ही जागा उतारावरच शोधावी लागते. दक्षिणेकडे तोंड असलेला उतार हवा, डोंगराची सावली सकाळ-संध्याकाळ किती खाते ते डिसेंबरच्या सूर्यमार्गावर तपासायला हवं, जूनच्या नव्हे. तरीही माझा कल सौरकडे आहे, कारण दुपारी पॅनेल चालू असताना पाणी धरून ठेवायचं आणि रात्री सोडायचं, ही बॅटरी भूतानकडे आधीच बांधलेली आहे.

इतर इंधनांची स्थिती थोडक्यात. पेट्रोल, डिझेल, गॅस सगळं भारतातून टँकरने येतं. बंदर नाही, त्यामुळे एलएनजी (द्रवरूप नैसर्गिक वायू) किंवा आयात कोळशावरच्या केंद्राचा विचारच होत नाही. सामद्रुप जोंगखारकडे थोडा कोळसा निघतो. गावांत बुखारीसाठी, म्हणजे घर तापवायच्या शेगडीसाठी, लाकूडफाटा अजून मोठ्या प्रमाणावर जळतो, म्हणजे वीज भरपूर असलेल्या देशातही एकूण ऊर्जेत विजेचा वाटा वाटतो त्यापेक्षा बराच कमी.

एक धोका वरच्या कुठल्याच गणितात येत नाही. ७ ऑक्टोबर १९९४ ला उत्तर भूतानमधल्या लुनानातला लुग्गे त्सो हा हिमतलाव फुटला आणि लोंढ्याने पुनाखापर्यंत नुकसान केलं. पुनात्सांगछूचे दोन्ही प्रकल्प त्याच नदीच्या खालच्या अंगाला आहेत. शेजारच्या थोरथोर्मी तलावाची पातळी २००९ ते २०१२ मध्ये पाच मीटर उतरवली, तीही हाती फावडी घेऊन, कारण तिथे यंत्रं पोचत नाहीत. खालच्या धरणांचे सांडवे आता पावसाळी पुराबरोबर असा लोंढाही धरून आखतात, आणि वरच्या दरीतल्या संवेदकांचा इशारा मिळाला की इनटेक बंद करून सगळे दरवाजे उघडायचे, असा क्रम ठरलेला असतो.

हिवाळ्याची तूट मुळातून भरायची तर साठवणीचं धरण हवं. संकोशचा २५८५ मेगावॅटचा प्रस्ताव त्याच प्रकारचा, म्हणून त्याची चर्चा इतकी वर्षं टिकून आहे. पण त्याला प्रचंड भांडवल, बुडीत जंगल आणि भारताची खरेदीची हमी हे तिन्ही एकदम लागतं. दरम्यान भूतानने सुछू १८, युंगिछू ३२ आणि बुरगांगछू ५४ मेगावॅट असे लहान प्रकल्प स्वतःच्या अभियंत्यांकडून हाती घेतले. तेही चालू प्रवाहावरचेच, त्यामुळे हिवाळ्याला त्यांची मदत थोडी. कुठल्याही नव्या प्रकल्पाची बातमी वाचताना मेगावॅटच्या आकड्याशेजारी तीन गोष्टी शोधा: नव्वद टक्के भरवशाच्या वर्षातले युनिट, जानेवारी ते मार्चमधलं उत्पादन, आणि साठा किती तासांचा. पहिली अहवालात मिळते. उरलेल्या दोन बातमीत नसतील तर तो प्रकल्प पावसाळ्यात विकण्यासाठी आहे असं धरून चाला.